अक्षता टेस्ट

“मॅडम, परत उजवीकडे!”

पिकअपच्या हौद्यातून रुबीना ओरडली. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. तिनं ओरडायची गरज नव्हती. स्क्रीनवर डाव्या पंखाची रेघ सरळ वर चढत होती आणि उजव्याची अर्ध्या वाटेत थबकून खाली यायला लागली होती. मी दिलीपला म्हटलं, “थांबव.” त्यानं ब्रेक लावला. टपावरच्या, मागेपुढे कलवता येणाऱ्या लोखंडी चौकटीत बांधलेले आमच्या विमानाचे दोन्ही पंख थरथरले आणि गप्प झाले.

रस्ता उलव्यातला. डांबर पडलं होतं, पट्टे मारून झाले होते, वाहतूक अजून सोडली नव्हती. कॉन्ट्रॅक्टर ओळखीचा होता, त्यामुळे सकाळी मिक्सरच्या गाड्या सुरू होईपर्यंत रस्ता आमचा. मोठ्या संस्थांकडे विंड टनेल असतो, म्हणजे एक बोगदा. त्यात पंख ठेवायचा आणि त्याच्यावर वारा सोडायचा. आमच्याकडे बोगदा नव्हता, म्हणून आम्ही पंखच वाऱ्यात पळवत होतो. हवेला त्यानं काही फरक पडत नाही.

मागून मोटरसायकलवर निलेश आला. हेल्मेट काढलं. कंपनी त्याची, त्यामुळे तोंडही त्याचंच जास्त उतरलेलं.

“काय झालं?”

“तेच.”

“काल फॅन बदलले होते ना?”

“बदलले होते. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे.”

“मग?”

“फॅन हलले, दुखणं तिथंच राहिलं.”

निलेशनं एकदा पंखाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “मॅडम, राग मानू नका. आपण फ्लॅप लावू या.”

मला राग आला आणि मी तो मानलाही.

का मानला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझं नाव वसुधा. नोकरीची सगळी वर्षं मी बंगळुरूला विंड टनेलमध्ये काढली. रिटायर होऊन नवीन पनवेलला राहायला आले ती बाल्कनीत बाग करायच्या बेतानं. कुंड्या आणल्या, त्या अजून रिकाम्याच आहेत. कारण सोसायटीतल्या कोणीतरी सांगितलं की विचुंब्याजवळ एका शेडमध्ये एक मुलगा विमान बनवतो, आणि मी बघायला गेले. बघायला गेलेली बाई त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिथल्या पोरांना रागावत होती. निलेशनं मला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं.

निलेशच्या घरची उलव्याकडे मिठागरं होती. ती विमानतळात गेली. भावकीतल्या मुलांनी त्या पैशातून मोठ्या गाड्या घेतल्या, बंगले बांधले. यानं शेड घेतली. विमानतळ आमच्या मिठावर उभा राहतोय, तर आमच्या हातचं एक तरी विमान उडू दे, असं तो म्हणायचा. विमान लहान होतं, बॅटरीवर चालणारं, आत पायलट नाही. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर औषधं आणि मशीनचे सुटे भाग पोचवायचे, एवढंच त्याचं काम. उरणची एक कंपनी ते घ्यायच्या विचारात होती आणि त्यांचा माणूस, कॅप्टन डिसोझा, सोमवारी चाचणी बघायला येणार होता.

आता पंखाबद्दल. पंखावरून हवा वाहिली की त्याला वर उचलणारा जोर मिळतो, ती लिफ्ट; स्क्रीनवरच्या रेघा तिच्याच. हवा त्याला मागेही खेचते, तो ड्रॅग. विमानाचं नाक वर केलं की लिफ्ट वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. पंखाला घासून जाणारा हवेचा एक पातळ थर असतो. तो घासून घासून दमतो. फार दमला की पंखाला धरून राहत नाही, सुटतो. हवा सुटली की लिफ्ट कोसळते आणि ड्रॅग वाढतो. उडताना आणि उतरताना वेग कमी असतो तेव्हा हीच भीती असते. त्यासाठी बहुतेक विमानांच्या पंखाला मागच्या कडेवर, बिजागरीवर हलणारी एक फळी लावतात. ती खाली वाकवली की पंखाची लिफ्ट वाढते. तोच फ्लॅप. चांगली गोष्ट आहे, मी तिच्याबद्दल आयुष्यात वाईट बोललेले नाही. पण शेवटी ती फळी आहे. तिला स्वतःचं काही कळत नाही.

आमच्या पंखाला फळीच नव्हती. वरच्या बाजूला, मागच्या कडेजवळ, छोटे छोटे इलेक्ट्रिक फॅन ओळीनं बसवलेले होते. दमलेला थर सुटायच्या आत फॅन तो ओढून घेतो आणि मागे फेकून देतो. त्यामुळे नाक जास्त वर करता येतं आणि आखूड धावपट्टीवरून उडता येतं. उतरताना उलटं करायचं. एक सोडून एक फॅन मंद करायचा, म्हणजे हवा मुद्दाम थोडी सुटते, ड्रॅग वाढतो आणि विमान हळू होतं. वळायचं असेल तर एका पंखाचे फॅन जोरात. लिफ्ट हवी तिथं लिफ्ट, ड्रॅग हवा तिथं ड्रॅग, सगळं फॅनच्या वेगावर.

हे मी बंगळुरूला तरुणपणी कागदावर मांडलं होतं. त्या वेळच्या मोटरी जड आणि बॅटऱ्या त्याहून जड. साहेब “व्हेरी नाइस” म्हणाले आणि फाइल कपाटात गेली. आता मोटरी मुठीत मावतात. इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरलेला तो पंख विचुंब्याच्या शेडमध्ये तयार झाला होता आणि मला तो उडताना बघायचा होता. माझ्यासाठी ही शेवटची संधी होती, हे मला स्वच्छ कळत होतं. फ्लॅप लावले असते तर विमान उडालं असतं, पण माझा पंख परत कपाटात गेला असता.

आणि तो पंख नेमका नाक वर केल्यावर उजवीकडे दगा देत होता. सरळ ठेवला की दोन्ही बाजू सारख्या. नाक वर केलं की उजवी बाजू आधी सुटायची. म्हणजे खरं विमान जमीन सोडता सोडता उजवीकडे कललं असतं. कॅप्टनसमोर तसं झालं असतं तर त्यानं दुसरा चहासुद्धा घेतला नसता.

“शनिवारपर्यंत दे मला,” मी निलेशला म्हटलं.

“आणि शनिवारी पण असंच आलं तर?”

“तर लाव तुझ्या फळ्या.”

“दिलीपनं बिजागऱ्या आणून ठेवल्यात,” तो हळूच म्हणाला.

मी दिलीपकडे बघितलं. दिलीप गिअरकडे बघायला लागला.

त्या दिवशी आम्ही फॅन चालवणारे कंट्रोलर बदलून पाहिले. ही पेटी म्हणजे फॅनचा रेग्युलेटर, फक्त फार हुशार. काही फरक नाही. पिकअप रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून पळवली, आडव्या वाऱ्याची शंका नको म्हणून. फरक नाही. मग निलेश म्हणाला, उजव्या पंखाचा साचाच पिळलेला असेल. मी दोरी आणि लेव्हल घेऊन अख्खा पंख मोजला. साचा सरळ होता. इतका सरळ साचा मी सरकारी खर्चातसुद्धा पाहिला नव्हता, आणि तो या पोरांनी केला होता.

शेवटी मी पनवेलच्या बाजारात जाऊन लोकर आणली. विंड टनेलमधली ही सगळ्यात जुनी युक्ती. हवा दिसत नाही, पण लोकरीचे तुकडे चिकटपट्टीनं पंखावर लावले की ते हवेबरोबर हलतात. हवा पंखाला धरून असेल तर धागे मागे शांत पडून राहतात. हवा सुटली की धागे नाचायला लागतात. दुकानदारानं विचारलं, “नातवाला स्वेटर का?” मी म्हटलं, “विमानाला.” त्यानं लाल रंग काढून दिला.

आम्ही दोन्ही पंख लोकरीनं भरून टाकले. दिलीपनं काठीवर मोबाइल बांधला. रस्त्यावर एक फेरी मारली, नाक वर केलं, आणि शेडमध्ये येऊन सगळे त्या व्हिडिओवर वाकलो.

डाव्या पंखावरचे धागे शहाण्या मुलांसारखे झोपले होते. उजव्यावरचेही बरेचसे झोपलेले. फक्त मधला एक पट्टा थयथयाट करत होता. मागे रुंद, पुढे निमुळता. मी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि त्या त्रिकोणाच्या कडेनं पुढे पुढे नेलं. टोक पंखाच्या अगदी पुढच्या कडेला जाऊन थांबलं.

तिथं स्वस्तिक होतं.

हे स्वस्तिक निलेशच्या आईनं काढलेलं. दसऱ्याला पंख साच्यातून बाहेर आले तेव्हा शेडमध्ये पूजा झाली. उजवी बाजू मानाची, म्हणून आईंनी उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि त्याच्यावर अक्षता चिकटवल्या. दिलीप आधी गॅरेजमध्ये गाड्यांचं पेंटिंग करायचा. आईंचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून त्यानं वरून क्लिअर कोट मारला. वाळल्यावर हौसेनं आणखी एक. कुंकू पुसलं गेलं नाहीच. तांदूळही दगडासारखे पक्के झाले.

तेव्हापासून शेडमध्ये येणारा प्रत्येक जण सकाळी त्या स्वस्तिकाला हात लावून नमस्कार करायचा आणि मग चहाकडे वळायचा. मीसुद्धा. रुबीना हात जोडायची नाही, पण तिथून जाताना अदबीनं जरा लांबून जायची. पुढच्या कडेवर धुळीचा कण दिसला तरी मी दिलीपच्या नावानं शंख करत असे, आणि तांदूळ रोज बोटाखाली येऊनही मला दिसले नव्हते. कारण माझ्या लेखी ते तांदूळ नव्हते, अक्षता होत्या.

मी नखानं चाचपून बघितलं. हवेचा तो थर पुढच्या कडेवर जन्माला येतो आणि तिथं तो कागदाइतका पातळ असतो. त्याच्या मधोमध तांदळाचा दाणा म्हणजे दारातच भिंत. हवा तिथंच धडपडते, मागे फॅनपर्यंत पोचते तेव्हा तिच्यात काही जीव उरलेला नसतो.

“निलेश,” मी म्हटलं, “सापडलं.”

त्यानं बघितलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. “नाही मॅडम. दुसरं काहीतरी असेल.”

“धागे बघ.”

“धागे बघितले. पण ते आईनं...” त्यानं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, “घासायचं असेल तर आधी तिला सांगावं लागेल. आणि ते तुम्ही सांगा.”

विमान बनवायला न घाबरलेला मुलगा आईला घाबरत होता. मला हसू आलं. त्यांच्या घराचा जिना चढून आत शिरेपर्यंत ते टिकलं.

आई वाल सोलत बसल्या होत्या. पुढ्यात भिजवून मोड आणलेल्या वालांचं पातेलं. “बाय, ये, बस,” त्या म्हणाल्या. “आनि ह्यो पोरगा दारात कशाला उबा हाय?”

मी खाली बसले, पातेल्यातले मूठभर वाल घेतले आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“मंजी माज्या हातानं इमान पडला असता?”

“पडलं नसतं. एका बाजूला कललं असतं.”

“यवरासा तांदुल. आनि इमान कवडा मोटा.” त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. आवाज दुखावलेला होता. “तुमाला म्हाईत हाय का, मी ते कशाला काडलं? ते इमान आमच्या जमिनीच्या पैशातना झालाय. तिथं माज्या सासऱ्याचं मीट व्हतं. जमीन गेली तवा मी रडले नाय. इमान आमचा हाय, म्हून रडले नाय. त्याच्यावर माजं कायतरी नको का?”

मी दोन-चार वाल सोलले. मग म्हटलं, “आई, मिठागरात खाडीचं पाणी घ्यायला पाट असायचा ना?”

“व्हता.”

“त्याच्या तोंडाशी दगड पडला तर?”

“पानी मागं नुसता घुमत बसतो. पुडं सरत नाय.”

“पंखाचं तसंच आहे. हवा म्हणजे ते पाणी. आणि तुमचं स्वस्तिक नेमकं पाटाच्या तोंडाशी आलंय.”

त्यांनी पातेलं बाजूला सरकवलं. “मंग दगड काडाचा. मना कशाला इचारता?”

“आई, पण देवाचं...” दारातून निलेश बोलला.

“देव काय तांदलावर बसलाय काय रं? दुसरी जागा दाखव, तिथं काडते.”

मी त्यांना जागा सांगितली. विमानाच्या पोटात, बॅटरीच्या दाराच्या आतल्या बाजूला. तिथं हवा जात नाही आणि विमानाचा सगळा जीव तिथंच असतो. त्यांना ती पटली. निघताना डबाभर सोललेले वाल माझ्या हातात दिले, म्हणजे राग गेला होता.

शनिवारी दिलीपनं बारीक कागदानं घासून पुढची कड काचेसारखी केली. घासायच्या आधी त्यानं नमस्कार केला. उलव्याच्या त्या रस्त्यावर पिकअप पळाली, नाक वर झालं आणि स्क्रीनवर दोन्ही रेघा हातात हात घालून वर गेल्या. मी गाडीतच टाळ्या वाजवल्या. दिलीपनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. लाज सोडून सांगते, मला रडू आलं. इतक्या वर्षांनी माझ्या कागदावरचा आकडा हवेनं मान्य केला होता.

निलेश चहा घेऊन आला. “मॅडम, जिंकलो. सोमवारी एवढंच दाखवायचं आणि गप्प बसायचं.”

“आणि कॅप्टननं विचारलं, पंखाला घाण लागली तर काय?”

“नाही विचारणार.”

“समुद्रावर उडणार आहे. मीठ बसणार, किडे चिकटणार. तो दुसरं काय विचारणार? एका तांदळानं आपला पंख आडवा केला, निलेश.”

“जमलेलं बिघडवू नका ना,” तो अक्षरशः हात जोडून म्हणाला. त्याची बाजू मला कळत होती. पण घासूनपुसून लख्ख केलेला पंख दाखवून घरी जाणं माझ्या गळी उतरेना.

वाट रुबीनानं काढली. फॅनचं सगळं सॉफ्टवेअर तिचं. ती पनवेलची, बोलायला गोड आणि कामाला कडक. तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “मॅडम, जरा तवज्जो द्या. तांदूळ होते तेव्हाचं रेकॉर्डिंग आहे. हे दोन फॅन बघा. बाकीच्यांपेक्षा करंट जास्त ओढतायत.”

मी बघितलं. ते दोन फॅन बरोबर स्वस्तिकाच्या मागचे होते.

आम्ही सगळ्या फॅनना एकच हुकूम दिला होता, सगळ्यांनी सारख्या वेगानं फिरा. ज्याच्या वाट्याला दमलेली हवा आली त्याला तेवढ्याच वेगासाठी जास्त कष्ट पडत होते, म्हणून तो जास्त करंट ओढत होता. म्हणजे हवा कुठं सुटायला लागली आहे, हे फॅन स्वतःच सांगत होता. पंखावर वेगळा सेन्सर लावायची गरज नव्हती.

“बिचारे पहिल्या दिवसापासून तक्रार करत होते,” रुबीना म्हणाली. “आपणच ऐकलं नाही.”

“आता ऐक. जो तक्रार करेल त्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना जोर दे. बाकीच्यांना हात लावू नकोस.”

रविवारी पंखावर परत तांदूळ चिकटवायचे होते. दिलीपनं साफ नकार दिला. “मॅडम, आमी एकदा देवाचं घासलं, बस झालं. परत नाय.”

“अरे, या अक्षता नाहीत. कुंकू नाही, हळद नाही. वाण्याकडचे तांदूळ आहेत.”

त्यानं तांदूळ हातात घेऊन नीट पाहिले, वास घेतला, आणि मग स्वतःच डिंकानं चिकटवले. जागा मात्र मिलिमीटरनं न चुकता तीच.

पहिल्या फेरीत फजिती झाली. फॅननी इतक्या घाईनं जोर केला की लिफ्ट उसळली, मग त्यांनी घाबरून जोर काढला, मग परत केला. टपावरचा पंख झोकांड्या खायला लागला आणि निलेश मोटरसायकलवरून ओरडायला लागला. मी रुबीनाला म्हटलं, “तुझे फॅन फार मनाला लावून घेतात. त्यांना जरा सबुरी शिकव.” तिनं शिकवली. पुढच्या फेरीत उजवी रेघ खाली आली, क्षणभर थांबली, आणि सावकाश वर चढून डावीच्या शेजारी जाऊन बसली. तांदूळ जागच्या जागी होते.

निलेशनं तीच फेरी स्क्रीनवर परत लावून बघितली. “हे फ्लॅपला नाही जमणार,” तो शेवटी म्हणाला. अशा वेळी न बोलण्यात जास्त मजा असते.

पण सोमवारी तांदूळ दाखवायचे की नाही, यावर तो हो म्हणाला नव्हता. “बघू,” एवढंच म्हणाला होता.

कॅप्टन डिसोझा आला तो वेळेच्या आधी. उंच, पिकलेल्या मिशा, बोलणं मोजकं आणि अर्धं हिंदी. आईही आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, छत्री धरून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि थांबवायची कोणाची छाती नव्हती. आम्ही कॅप्टनला माझ्या जागेवर बसवलं, लॅपटॉप त्याच्या मांडीवर. स्वच्छ पंखानं पहिली फेरी झाली, दोन्ही रेघा सारख्या. मग रुबीनानं एक सोडून एक फॅन मंद केला आणि ड्रॅग चढताना दाखवला. कॅप्टननं मान हलवली. खाली उतरला, पंखाच्या मागच्या कडेवरून हात फिरवला.

“फ्लॅप किधर है?”

“नाहीत,” मी म्हटलं.

“हं. और नमक? आमच्याकडे दोन दिवसांत काचेवर मीठ बसतं. पंखावर नाही बसणार? तब क्या करोगे?”

मी निलेशकडे बघितलं. एका वाक्यात सुटका होती. आम्ही रोज पंख धुवू, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. निलेश मागे वळला.

“आई, तांदूळ दे.”

आईंनी कमरेची पिशवी सोडली. त्यांनी तांदूळ आणले होतेच. डिंकाची बाटली घेऊन त्या स्टुलावर चढल्या आणि उजव्या पंखाच्या कडेवर एकेक दाणा बोटानं दाबून बसवायला लागल्या.

“पूजा है क्या?” कॅप्टननं मला विचारलं.

“टेस्ट है.”

पिकअप निघाली. या वेळी मी हौद्यात रुबीनाशेजारी उभी होते. समोरच्या काचेतून मला कॅप्टनची मान दिसत होती. नाक वर झालं. फॅनचा आवाज एकसारखा होता, मग त्यातल्या दोघा-तिघांचा सूर बदलला, तीव्र झाला. आत कॅप्टन म्हणाला, “गया, गया...” आणि मग त्याची मान लॅपटॉपवर वाकली. रेघ परत वर आली होती. गाडी थांबली तेव्हा तो उतरला, तांदळांना हात लावून बघितला, अजून आहेत याची खात्री केली.

“फिर से,” तो म्हणाला. “इस बार मैं लगाऊंगा. दूसरी जगह.”

त्यानं आईंच्या हातून तांदूळ घेतले आणि डाव्या पंखावर, टोकाकडे, मूठभर चिकटवले. माणूस कसलेला होता. त्याला आमची पाठ केलेली जागा नको होती. ती जागा आम्ही कधी तपासलेली नव्हती. रुबीना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. पिकअप पळाली, डावी रेघ पडली, टोकाकडचे फॅन सुरात चढले, रेघ वर आली.

कॅप्टननं लॅपटॉप मिटला. “ट्रायल उरणला, आमच्या पट्टीवर. यही पंख लाना. धोना मत.”

ट्रायल झाली. विमान आखूड पट्टीवरून सरळ उडालं, समुद्रावर एक वळसा घालून आलं आणि उतरताना फॅन मंद करून सुबक थांबलं. मी तिथं उभी होते. माझा पंख, आमच्या पोरांच्या हातचा, खाऱ्या वाऱ्यात, फळीशिवाय. त्या दिवसाचा अभिमान मला अजून पुरतोय आणि तो लपवायचा माझा काही विचार नाही. आईंनी आधी बॅटरीच्या दाराच्या आत स्वस्तिक काढलं होतं. विमान थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, “बाय, उजवीकडं नाय ना कललं?”

“नाही.”

“मंग माजं कुंकू बराबर जागी हाय,” त्या म्हणाल्या.

आता प्रत्येक नवा पंख साच्यातून निघाला की त्याची जी तपासणी होते, तिच्यात एक चाचणी ‘अक्षता टेस्ट’ या नावानं आहे. उरणच्या कंपनीच्या कागदांतही ते नाव तसंच गेलंय. दिलीपच्या बिजागऱ्या शेडमधल्या चहाच्या कपाटाला लागल्या, छान चालतात. पंखांची पूजा अजूनही होते, सकाळचा नमस्कारही होतो. फक्त मी एक नियम केलाय आणि तो निलेशच्या आईंनासुद्धा मान्य आहे. आमच्याकडे पाया पडताना डोळे मिटायचे नाहीत.